इजिप्तला जाताय? मग नुसती क्रूझ नको, नाईल पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत इजिप्तच्या सहलीवर पानभर लेख होता. फोटो झकास होते, पिरॅमिड आले, स्फिंक्स आला, तुतनखामनचा सोन्याचा मुखवटा आला, गिझाचं नवीन भव्य म्युझियम आलं, अत्तरं आणि पपायरस म्हणजे लव्हाळ्याचे कागद कुठं घ्यायचे, शाकाहारी जेवण कुठं मिळतं तेही आलं, आणि नाईल नदीच्या वाट्याला दीड ओळ, म्हणे "चार दिवस क्रूझवर निवांत आराम". बास, संपली नदी! हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर खुशाल लावा पण नदीला लावू नका, ती आधीच लावून झालीय.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस. आयुष्य गेज म्हणजे पाण्याची पातळी वाचण्यात, रजिस्टर भरण्यात आणि पाण्याची पाळी चुकली की शेतकऱ्यांच्या शिव्या खाण्यात गेलं, त्यामुळं मला कुठंही नेलं तरी आधी पाणी दिसतं असं आमच्या घरी म्हणतात, आणि ते खरंच आहे. रिटायर झाल्यावर आम्ही दोघं एका टूरबरोबर इजिप्त करून आलो. टूरचं नाव लिहीत नाही, जेवण चांगलं दिलं त्यांनी, तक्रार जेवणाची नाहीच. तक्रार एवढीच की त्या देशात बघण्यासारखं जे जे आहे ते सगळं त्या नदीनं केलेलं आहे आणि आपल्या टूरवाल्यांच्या कार्यक्रमात नदी म्हणजे दोन देवळांच्या मधला प्रवास.

आधी पावसाचं बघा. कैरोत वर्षभरात जेमतेम इंचभर पाऊस पडतो, खाली अस्वानला तर पडला तर पडला, वर्षानुवर्षं नाही. आमच्या माण-सांगोल्याला आपण दुष्काळी म्हणतो, तिथं पण याच्या कितीतरी पट पडतो हो. आणि अशा देशात आज दहा कोटींच्या वर माणसं राहतात, त्यातली जवळपास सगळी नदीकाठच्या आणि तिच्या मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशातल्या पाचएक टक्के जमिनीवर. लक्झरच्या पश्चिम काठाला गेलात तर बघा, उसाचं शेत आहे, बांध आहे, बांध संपला की लगेच वाळवंट, मधे माळरान नाही, गवत नाही, काही नाही. जिथपर्यंत पाणी पोचतं तिथपर्यंत देश आणि पुढं वाळू.

आता हे पाणी येतं कुठून तर पार दक्षिणेकडून. नाईल साडेसहा हजार किलोमीटरच्या वर लांब आहे, अकरा देशांचं पाणी तिच्यात येतं, एक फाटा व्हिक्टोरिया सरोवराकडून येतो तो पांढरी नाईल, दुसरा इथिओपियातल्या ताना सरोवरातून येतो तो निळी नाईल, सुदानमध्ये खार्टूमला दोघी भेटतात. नकाशावर लांब दिसते ती पांढरी, पण इजिप्तला पोचणाऱ्या पाण्यातलं सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरातून येतं. तिथं पाऊस कधी पडतो, तर जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडं मृग लागतो तिथपासून साधारण हस्तापर्यंत. इजिप्तमध्ये आभाळात ढग नाही, रणरणतं ऊन, आणि ऐन उन्हाळ्यात नदी चढायला लागते, गाळ घेऊन येते, शेतांवर पसरते, ऑक्टोबरात उतरते आणि काळी माती मागं ठेवून जाते. हे पाणी का येतं कुठून येतं ते त्या लोकांना हजारो वर्षं ठाऊक नव्हतं पण त्यांनी पंचांग मात्र त्याच्यावरच बसवलं. तीन ऋतू, एक पुराचा, एक पेरणी-उगवणीचा, एक सुगीचा. नवीन वर्ष पूर यायला लागला की सुरू.

आता माझ्या आवडीची गोष्ट सांगतो, गेज वाचनाची. इटलीत सिसिली बेटावर पालेर्मोच्या म्युझियममध्ये एक काळा दगड आहे, त्याला पालेर्मो स्टोनच म्हणतात. त्याच्यावर इजिप्तच्या पहिल्या पाच राजघराण्यांची वर्षवार नोंद कोरलेली आहे, म्हणजे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची. प्रत्येक वर्षाच्या चौकोनात त्या वर्षी राजानं काय केलं, कुठला सण झाला, ते आहे आणि त्याच्या खाली काय आहे माहितीये, त्या वर्षी नाईल किती हात किती बोटं चढली तो आकडा! राजा मेला, नवीन आला, आकडा चुकला नाही. आम्ही पावसाळ्यात दर तासाला गेज घ्यायचो तेव्हा वरिष्ठांवर चिडायचो, कशाला पाहिजे एवढी नोंद म्हणून. या लोकांनी दगडावर कोरून ठेवली.

आणि ही मोजणी आज डोळ्यानं बघता येते, ती पण कैरोतच. शहराच्या मधोमध नदीत रोडा नावाचं बेट आहे, त्याच्या दक्षिण टोकाला नाईलोमीटर म्हणजे नदीची पातळी मोजायची जागा आहे, सन ८६१ मध्ये अब्बासी खलिफा मुतवक्किलच्या काळात बांधलेलं. आमच्या टूरमध्ये नव्हतंच, खरेदीसाठी दुपार मोकळी दिली होती तेव्हा आम्ही दोघं टॅक्सी करून गेलो. बाहेरून बघाल तर टोकदार टोपीसारखं छप्पर, काही विशेष वाटत नाही. आत गेलं की एकदम खोल चौकोनी दगडी विहीर, भिंतीला लागून पायऱ्या खाली उतरतात, आणि मधोमध उभा आठ पैलूंचा संगमरवरी खांब, त्याच्यावर हाताहाताच्या खुणा. हात म्हणजे आपला पूर्वी कापड मोजायचा तसाच हात, साधारण चोपन्न सेंटिमीटरचा. नदीचं पाणी आत यायला तीन वेगवेगळ्या उंचीवर बोगदे, म्हणजे पाणी कमी असो जास्त असो आत शांतपणे चढणार, लाट नाही, खळबळ नाही, वाचन बरोबर येणार. स्टिलिंग वेल म्हणतो आम्ही त्याला, आजही गेज स्टेशनला हेच तत्त्व वापरतात. भिंतीवर पाण्याबद्दलच्या कुराणातल्या आयती सुंदर अक्षरात कोरलेल्या आहेत. मी खाली उतरून खांबाच्या बुडाशी उभा राहिलो, आता बोगदे बंद आहेत, तळ कोरडा आहे. आमच्या सौ. वरूनच ओरडत होत्या, चला आता, बस चुकेल.

ह्या खांबावर सोळा हात पाणी चढलं की कैरोत दवंडी, कालव्याचा बांध फोडायचा, जल्लोष, आणि महत्त्वाचं म्हणजे त्या वर्षीचा सारा वसूल करायला सरकार मोकळं. त्याच्या आत राहिलं तर सारा मागायला तोंड नाही. म्हणजे आणेवारीच की हो ही, फक्त पीक बघून ठरवायची नाही, खांब बघून ठरवायची, तलाठी-सर्कलला चहा पाजून काही उपयोग नाही. रोमन लेखक प्लिनीनं तर आधीच लिहून ठेवलंय की बारा हात म्हणजे उपासमार, तेरा म्हणजे टंचाई, चौदाला आनंद, पंधराला निश्चिंती, सोळाला चैन. आणि फार चढली तर गावं, बांध, जनावरं सगळं घेऊन जायची ते वेगळंच. सन १२०० ते १२०२ मध्ये पाणी चढलंच नाही तेव्हा कैरोत असा दुष्काळ पडला की अब्दुल लतीफ नावाच्या बगदादच्या वैद्यानं डोळ्यानं बघून लिहिलेलं वर्णन आज वाचवत नाही, माणसं माणसांना खात होती.

कैरोतल्या अशा खांबांची नोंद सातव्या शतकापासूनची आहे, मधे काही वर्षं गळालीत, तरी हजार वर्षांच्या वरचा डेटा. हर्स्ट नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ १९०६ मध्ये इजिप्तला गेला आणि आयुष्यभर नाईलचाच झाला, त्यानं हे आकडे घेऊन विचार केला की धरण किती मोठं बांधलं म्हणजे वाईटात वाईट काळ निघून जाईल. त्याच्या लक्षात आलं की चांगली वर्षं आणि वाईट वर्षं नाणं उडवल्यासारखी येत नाहीत, ती एकमेकांना धरून येतात, दुष्काळामागं दुष्काळ, सुकाळामागं सुकाळ. १९५१ मध्ये त्यानं ते गणित छापलं आणि आज शेअर बाजाराचे आलेख बघणारी पोरं 'हर्स्ट एक्स्पोनंट' म्हणून वापरतात ते हेच. रोज मोबाईलवर ट्रेडिंग करणाऱ्या माझ्या भाच्याला हे नाईलच्या पुरातून आलंय म्हणून सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

आणि यात आपला पण संबंध आहे बरं का, ओढूनताणून नाही सांगत. एल निनो आला की आपला मान्सून कमजोर पडतो आणि इथिओपियातला पाऊस पण बरेचदा त्याच वर्षी कमी होतो. १८७७ साली नाईलला त्या शतकातला अगदी वाईट, खुजा पूर आला, आणि १८७६ ते ७८ म्हणजे आपल्याकडं दख्खनचा मोठा दुष्काळ, सोलापूर, पुणे, नगर, विजापूर सगळं होरपळलेलं. १८९९ ला पण तेच, तिकडं पूर कमी आणि इकडं लगेच १९०० पर्यंतचा दुष्काळ. इथं माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर जात होती त्याच वर्षात वरच्या इजिप्तमध्ये शेतं कोरडी पडली होती.

पिरॅमिडचं म्हणाल तर ते पण नदीचंच काम. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल जर्फ इथं फ्रेंच संशोधक पियेर ताले आणि मंडळींना पपायरसचे तुकडे सापडले, लिहिलेले पपायरस म्हणून जगातले सगळ्यात जुने, आणि ते कुणाचे तर मेरेर नावाच्या एका मुकादमाचे. चाळीसेक माणसांची टोळी आणि बोटी घेऊन हा माणूस नदीपलीकडच्या तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे चिरे गिझाला, खुफू राजाच्या मोठ्या पिरॅमिडपाशी नेत होता, पुराच्या दिवसांत, कालव्यातून थेट जवळपर्यंत, दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज कुठं मुक्काम, आज दगड भरले, आज रिकामे केले, असली रोजची नोंद, आमच्या एमबी बुकासारखीच, म्हणजे कामाच्या मोजमापाच्या वहीसारखीच कंटाळवाणी. सगळं जग एलियननी पिरॅमिड बांधले का म्हणून व्हिडिओ बघत बसलंय आणि इथं मुकादमाची हजेरीवही सापडलीय! आतल्या राजाच्या खोलीतला ग्रॅनाईट तर अस्वानहून आणलेला, आठशे किलोमीटरच्या वर, नदीतूनच, दुसरा रस्ताच नव्हता. २०२४ मध्ये सॅटेलाईटच्या फोटोंवरून आणि जमिनीत ड्रिल मारून शोधलं की गिझापासून लिश्तपर्यंत ६४ किलोमीटर लांबीचा नाईलचा एक फाटा होता, आता बुजलेला, आणि एकतीस पिरॅमिड त्याच्या कडेनं उभे आहेत. म्हणजे आज वाळवंटात दिसतात ते त्या काळी घाटावर होते. खुफूच्या पिरॅमिडशेजारी १९५४ मध्ये जमिनीत पुरलेली लाकडी बोट सापडली, त्रेचाळीस मीटर लांब, ती आता नवीन म्युझियममध्ये ठेवलीय, राजाला मेल्यावर पण बोटच पाहिजे होती. तुमच्या लेखात म्युझियम होतं, बोट नव्हती.

आता क्रूझबद्दल. क्रूझला माझा विरोध नाही, उलट लक्झर ते अस्वान हे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर नदीतूनच जावं, पण डोळे उघडे ठेवून. पहिली गोष्ट म्हणजे अस्वानला निघालात तर तुम्ही वर चाललाय, नकाशात खाली दिसत असलं तरी. पाणी दक्षिणेकडून उत्तरेला येतं आणि वारा बारा महिने बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेला वाहतो, त्यामुळं जुन्या काळी शीड सोडलं की प्रवाहाविरुद्ध वर आणि शीड उतरवलं की प्रवाहाबरोबर खाली, डिझेल नको काही नको. एवढा सोयीचा रस्ता फुकट मिळाला म्हणून तर हजार किलोमीटर लांब आणि दोन-चार कोस रुंद असला विचित्र देश एका राजाला सांभाळता आला. लक्झरला ओपेट नावाचा सण व्हायचा तो पण पुराच्या महिन्यात, शेतीची कामं बंद असताना, कर्नाकच्या देवळातला देव लाकडी नावेत बसवून, ती नाव खांद्यावर घेऊन, लक्झरच्या देवळात आणायचे. आज त्याच लक्झरच्या देवळाच्या आत अबू हज्जाजची मशीद आहे आणि त्याच्या उरुसात अजून मिरवणुकीत नावा निघतात, हे आमच्या गाईडनं चांगलं सांगितलं, श्रेय द्यायला पाहिजे.

टुरिस्ट पण काही आजचे नाहीत. १८६९ मध्ये थॉमस कुकनं पहिला ग्रूप नाईलवर नेला, पुढं त्याच्या कंपनीच्या आगबोटी नदीवर एवढ्या झाल्या की १८८४ मध्ये खार्टूमला अडकलेल्या जनरल गॉर्डनला सोडवायला ब्रिटिश फौज निघाली तेव्हा ती वर न्यायचं कंत्राट सुद्धा कुकलाच. टूर कंपनीनं फौज नेली! गॉर्डन काही वाचला नाही ते सोडा.

वाटेत एस्ना लागतं. तिथं बंधारा आहे आणि बोटी लॉकमधून पलीकडं जातात, म्हणजे एका बंद हौदात बोट घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर उचलली गेली की पुढचा दरवाजा उघडायचा. मला हे बघायचं होतं म्हणून रात्री डेकवर थांबलो, तर खाली छोट्या होड्या येऊन आमच्या बोटीला दोर लावून चिकटल्या आणि त्यातली पोरं "नमस्ते इंडिया, अमिताभ बच्चन" ओरडत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले टेबलक्लॉथ, झगे, शाली खालून थेट तिसऱ्या मजल्यावर फेकायला लागली. नेम असा की पिशवी बरोबर तुमच्या खुर्चीत. आवडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाका, नाही आवडलं तर तशीच परत फेका. आमच्या ग्रूपमधल्या एका बाईंनी दोन तास घासाघीस केली, वर डेकवरून खाली अंधारात, बोट हळूहळू वर चढतेय त्यामुळं दर मिनिटाला अजून मोठ्यानं ओरडावं लागतंय, शेवटी घेतला झगा. तेवढ्या गडबडीत लॉकचा दरवाजा उघडला तो कुणी बघितलाच नाही. पण तुम्हाला सांगतो, २०११ च्या क्रांतीनंतर टुरिस्ट आटले तेव्हा या बोटी नुसत्या काठाला बांधून उभ्या होत्या, त्या पोरांचं काय झालं असेल. त्या देशाला आजही नदी दोन प्रकारे पोसते, एक शेतीतून आणि एक आपल्यासारख्या फोटो काढणाऱ्यांतून.

कोम ओम्बोला मगरीच्या देवाचं देऊळ, मगरींच्या ममी, सगळे तिकडं धावतात. देवळाच्या आवारातच गोल विहिरीसारखं नाईलोमीटर आहे, गाईड म्हणाला "पुरानी वेल है" आणि पुढं गेला. मी काही बोललो नाही. मगरी आता अस्वानच्या धरणाच्या वरच, खाली क्रूझच्या पट्ट्यात नाहीत, हे पण सांगून ठेवतो कारण आमच्या ग्रूपमध्ये दोघं पाण्यात हात घालायला घाबरत होते.

अस्वानचं धरण! इथं आमच्या टूरनं वीस मिनिटं दिली. सगळे उतरले आणि म्हणाले, हे काय, हा तर रस्ता आहे. बरोबर आहे, कारण ते काँक्रीटची उंच भिंत नाहीच, दगड-मातीचा भराव आहे, मधे चिकणमातीचा गाभा, बुडाला रुंदी जवळजवळ एक किलोमीटर, उंची १११ मीटर, लांबी पावणेचार किलोमीटरच्या आसपास. वर उभं राहिलं की डोंगरावर उभं राहिल्यासारखं, धरण दिसतच नाही. मग लोकांनी रशियन मैत्रीच्या कमळाच्या आकाराच्या टॉवरचा फोटो काढला आणि बसमध्ये बसले. अहो पण या धरणापायी महायुद्ध व्हायची वेळ आली होती! जुलै १९५६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं पैसे द्यायला नकार दिला, आठवड्यात इजिप्तच्या अध्यक्ष नासरनं सुएझ कालवा ताब्यात घेतला, म्हणाला कालव्याच्या टोलमधून बांधतो, मग इस्राएल, ब्रिटन, फ्रान्स तिघांनी हल्ला केला, शेवटी त्यांना मागं फिरावं लागलं आणि रशियानं पैसा आणि इंजिनियर दिले. १९६० ला काम सुरू, १९७० ला पूर्ण. मागचं नासर सरोवर सुदानपर्यंत पाचशे किलोमीटर, साठा आपल्या भाषेत चार हजार टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. आमचं उजनी ११७. नुसती वाफ होऊन त्या सरोवरातून वर्षाला दहा अब्ज घनमीटरच्या वर पाणी उडतं, म्हणजे तीन उजनी उन्हानं प्यायल्या.

त्याच्या आधीचं जुनं अस्वान धरण १९०२ चं, त्याचं डिझाईन करणारा विल्यम विलकॉक्स हा आपल्याकडचाच म्हणायचा, भारतात जन्मलेला, रुरकीला इंजिनियरिंग शिकलेला, आपल्या पीडब्ल्यूडीत नोकरी करून मग इजिप्तला गेलेला. पाट आणि बंधारे इथं शिकून तिथं बांधले. बांधले कशासाठी तर कापसासाठी. अमेरिकेतल्या १८६१ ते ६५ च्या यादवीत मँचेस्टरला कापूस मिळेना तेव्हा मुंबई आणि खानदेश-वऱ्हाड जसे कापसाच्या तेजीत नाचले तसंच इजिप्त पण, आणि तेजी बसल्यावर मुंबईत बँका बुडाल्या आणि तिकडं देश कर्जात बुडून १८८२ मध्ये इंग्रजांच्या हातात गेला.

नवीन धरणानं इजिप्तला वाचवलं हे खरं. ऐंशीच्या दशकात इथिओपियात पाऊसच नव्हता, लाखो माणसं मेली, इजिप्तमध्ये नळ चालू होते. दोन-तीन पिकं निघतात, वीज मिळाली. पण पूर थांबला तसा गाळ पण थांबला, तो आता सरोवराच्या तळाशी बसतोय, शेतकरी खताच्या गोण्या आणतोय, जमिनीत क्षार वर येतोय आणि नदीच्या मुखाशी समुद्र किनारा खातोय. आणि धरणाच्या वरच्या अंगाला नदीकाठी राहणारे न्युबियन लोक. इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार, जवळपास तेवढेच सुदानचे, गावच्या गावं उठवली, कोम ओम्बोजवळ सरकारी घरं दिली, नदीपासून लांब. जे लोक दारात उभं राहून नाईल बघायचे त्यांना. टूरवाले रंगीत घरांचं "न्युबियन व्हिलेज" दाखवतात, उंट, मेंदी, टाकीत ठेवलेली मगर, फोटो, चला. गेलं काय ते कुणी सांगत नाही. कोयनेच्या, उजनीच्या धरणग्रस्तांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या अजून कचेऱ्यांत खेटे घालताना मी टेबलाच्या अलीकडून बघितलेत, त्यामुळं मला ते व्हिलेज काही गोड लागलं नाही.

देवळांचं मात्र जगानं मनावर घेतलं. १९६० मध्ये युनेस्कोनं हाक दिली, अबू सिंबल १९६४ ते ६८ मध्ये करवतीनं कापून, हजारावर तुकडे करून, ६५ मीटर वर नेऊन परत जोडलं. सूर्यकिरण आत जायचे ते पण जुळवून, २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर. फिलीचं देऊळ शेजारच्या बेटावर हलवलं. भारताच्या पुरातत्त्व खात्याची टीम पण बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये न्युबियात अफ्येह इथं बुडण्याआधी उत्खनन करून आली होती, हे आपल्या कुठल्याच टूर गाईडला माहीत नाही. याच अनुभवातून पुढं १९७२ चा जागतिक वारसा करार झाला ज्यात नंतर आपलं अजिंठा-वेरूळ आलं. आणि आमचं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ? ते उजनीत बुडालं ते बुडालंच, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक होडीनं जाऊन सेल्फी काढतात.

आता शेवटचं, आजचं. १९५९ च्या करारात इजिप्तनं आणि सुदाननं नाईलचं पाणी आपसात वाटून घेतलं, इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५, आणि ज्याच्या डोंगरातून ८५ टक्के पाणी येतं त्या इथिओपियाला शून्य, त्याला विचारलं पण नाही. त्या इथिओपियानं २०११ मध्ये निळ्या नाईलवर स्वतःच्या लोकांकडून वर्गणी आणि रोखे गोळा करून धरण बांधायला घेतलं, ७४ अब्ज घनमीटरचं, म्हणजे सव्वीसशे टीएमसी, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. कैरोत त्यावर काय वाटत असेल ते सांगली-कोल्हापूरच्या माणसाला समजवायला नको, आलमट्टीची उंची म्हटलं की आपल्याकडं काय होतं, फक्त आपण वरच्या बाजूला पुराच्या भीतीनं ओरडतो आणि ते खालच्या बाजूला तहानेच्या. मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत, इथिओपियात निम्म्या घरांत वीज नाही आणि इजिप्तकडं दुसरं पाणी नाही. पण बघायला जाणाऱ्यानं एवढं तरी माहीत करून जावं की आपण ज्या नदीवर डेकचेअर टाकून चहा पितोय तिच्यावरून दोन देश हातघाईवर आलेत. आमच्या गाईडला मी विचारलं तर तो एकदम गप्प झाला आणि म्हणाला, सर, फोटो पॉईंट इकडं आहे.

तेव्हा तुमच्या पुरवणीला आणि तुमच्या पानावर जाहिरात देणाऱ्या टूर कंपन्यांना माझं सांगणं आहे. कैरोत अत्तराच्या आणि पपायरसच्या दुकानांवर दोन तास जातात त्यातला एक तास रोडाच्या नाईलोमीटरला द्या. अस्वानला १९९७ पासून न्युबियन म्युझियम आहे, फार सुंदर आहे, रंगीत गावात जायच्या आधी ते दाखवा. धरणावर वीस मिनिटं ठेवायची तर ठेवा पण माहिती देणारा माणूस उभा करा, एखादा आमच्यासारखा रिटायर्ड फुकट येईल हो. एस्नाच्या लॉकला मात्र काही बदलू नका. आणि पुढच्या वेळी इजिप्तवर लेख छापाल तेव्हा सोबत नाईलचा पूर्ण नकाशा छापा, व्हिक्टोरिया आणि तानापासून भूमध्य समुद्रापर्यंत, अकराही देशांसकट, जाहिरातीची जागा गेली तरी चालेल. फक्त बाण बरोबर दाखवा, पाणी खालून वर चाललंय.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारेवाला, पंढरपूर